गोळ्यांची उचल

माझे वडील सालदार होते. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात केळीच्या एका मळ्यावर ते वर्षाच्या बोलीने राबत. ही बोली अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, व्हायची. मालक आणि सालदार चार माणसांसमोर बसत. धान्य किती, कपडे किती, रोख किती हे ठरे. मग आगाऊ रक्कम सालदाराच्या हातावर पडे. तिला उचल म्हणत. उचल घेतली, चहा प्यायला, की तो माणूस पुढच्या अखाजीपर्यंत त्या मळ्याचा. मग अंगात ताप असो की घरात सुतक असो. उचल घेऊन मध्येच काम टाकलं तर त्याने ‘साल मोडलं’ म्हणत, आणि हे गावाच्या लेखी चोरीपेक्षा वाईट होतं. चोराने निदान भुकेपोटी चोरी केली, असं म्हणायला जागा असते. आमच्या गल्लीत एकाने कधीकाळी साल मोडलं होतं. मी शाळेत जायला लागलो तेव्हा तो मरूनही गेला होता, पण त्याच्या नातवाला पोरं गोट्या खेळताना ‘सालमोड्या’ म्हणून चिडवत आणि तो रडत घरी जाई. चिडवणाऱ्यांत मीही असे.

वडिलांना हिवताप भरलेला असताना अंगावर गोधडी घेऊन मळ्याकडे निघालेलं मी पाहिलं आहे. आई दारात आडवी आली तर म्हणाले, “लोक काय म्हनतीन?” आणि गेले.

सांगायचं एवढ्यासाठी, की उचल ही काय चीज असते हे मला कुणी शिकवावं लागत नव्हतं. हे ठाऊक असणं हीच माझी लायकी होती, आणि त्या लायकीवर मला माझी नोकरी मिळाली. ती कशी मिळाली ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं. जळगावला बी.एस्सी. झालो होतो आणि पिंप्राळ्यात एका खोलीत आम्ही तिघे भाड्याने राहत होतो. हाडांच्या एका डॉक्टरांकडे मला कामाला ठेवलं होतं. पेशंटांचे नंबर लावायचे, एक्स-रे वाळत घालायचे, प्लास्टरचं सामान आणायचं. गावाकडे सांगताना मी ‘दवाखान्यात असतो’ असं सांगायचो आणि पुढचं बोलणं टाळायचो.

एक दिवस तिथे औषध कंपनीचा एक माणूस आला. सांधेदुखीवर त्यांची नवी गोळी होती. गुडघे दुखणाऱ्या माणसांना ती तीन महिने द्यायची, दर आठवड्याला विचारपूस करायची, रक्त तपासायचं आणि गुण काय, त्रास काय ते कळवायचं. डॉक्टरांनी शहरातले पेशंट घेऊन सुरुवात केली. ते दोन-तीन आठवड्यांत येईनासे झाले. गुण आला तरी येत नसत, नाही आला तरी येत नसत. कंपनीचा माणूस वैतागला. म्हणाला, “डॉक्टर, पैसे द्या. घसघशीत द्या. धावत येतील.”

“धावत येतील म्हणूनच नको,” डॉक्टर म्हणाले. “पैशासाठी माणूस दुखणं लपवतो. रोज बुडतो त्याची भरपाई आणि एसटीचं भाडं. त्याच्या वर दमडी नाही.”

“मग काहीच देऊ नका ना!”

“तेही नाही. फुकट राबवून घ्यायला ती काय आपली वेठबिगार आहेत?” आणि पुढे म्हणाले, “तेसुद्धा दर आठवड्याला द्यायचे. ज्याला सोडायचं त्याने तोवरचे पैसे घेऊन सुखाने घरी जावं.”

मी तिथेच उभा होतो, चहाचे कप उचलत. मला ती साहेबलोकांची कटकट वाटली. आज त्या दुपारचं बोलणं आठवलं की वाटतं, सगळं बरोबरच चाललं होतं. बिघडवायला फक्त मी उरलो होतो.

मी म्हणालो, “सर, आमच्या गावाला चला. गुडघे सगळ्यांचेच गेलेत. आणि पैसे सुरुवातीलाच एकदम देऊन टाकू.”

“घेऊन पळतील,” कंपनीचा माणूस म्हणाला.

“नाही पळणार. आमच्याकडे उचल घेतलेला माणूस पळत नाही.”

हे मी ऐटीत म्हणालो. आपल्या गावाबद्दल चारचौघांत छाती फुगवून सांगावं असं माझ्याकडे फार काही नव्हतं. हे एक होतं. कंपनीच्या माणसाने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. जाताना जिन्यात खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “सगळे शेवटपर्यंत टिकव. मग तुझं आमच्याकडे बघू. ग्रॅज्युएट आहेस, बोलतोस बरा.”

डॉक्टर मात्र विचारात पडले होते. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. “आधी पैसे दिले तर माणूस अडकल्यासारखा होईल रे. त्यांना स्पष्ट सांगायचं, कधीही सोडा, कुणी कारण विचारणार नाही, पैसे परत मागणार नाही. त्यांच्या भाषेत सांगायचं. तुला त्यासाठीच नेतोय मी.”

“हो सर,” मी म्हणालो.

गावात ग्रामपंचायतीच्या ओसरीवर माणसं जमली. बहुतेक सालदार, काही केळीचे घड वाहणारे. डॉक्टर देशावरचे. दुखस, सुजस एवढं त्यांना कळे. बाकी अहिराणी त्यांच्या कानावरून जाई. ते एकेक गोष्ट सांगत आणि मी ती आमच्या बोलीत सांगे.

“गोया खावाना पैसा?” गोळ्या खायचे पैसे, असं एकाने विचारलं. “मन्ही बायको माले रोज जहर खावाडस, तिनं एक रुपया बी नही दिधा!”

“तुन्हावर पैसा वाया जाई, तुले जहर बी लागत नही,” मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. डॉक्टरही न कळता हसले.

जेवणानंतर घ्यायची, सांगितलं. दुसरी कुठली दुखण्याची गोळी घ्यायची नाही, सांगितलं. सुरुवातीला आणि शेवटी रक्त काढतील, घाबरू नका, सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, “आणि यांना सांग, मध्येच सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा. पैसे तुमचेच.”

मी माणसांकडे वळलो आणि म्हणालो की चार माणसांसमोर उचल देतोय, डॉक्टरांचा तुमच्यावर भरवसा आहे, माझाही आहे.

माना हलल्या. डॉक्टरांना माना हललेल्या दिसल्या. त्यांनी समाधानाने माझ्या पाठीवर थाप मारली. मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. एक वाक्य गाळून तिथे दुसरं ठेवलं होतं. मग पैसे वाटले आणि मी हॉटेलातून सगळ्यांना चहा मागवला. चहाचं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो मी आपणहून मागवला, आणि का मागवला ते मला त्या क्षणीही कळत होतं.

त्या माणसांत वडिलांचे मळ्यावरचे जोडीदार होते. त्यांना मी आबा म्हणायचो. वडील गेल्यावर आमच्या घरचं सरपण कितीतरी दिवस तेच आणून टाकत. घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचं काम त्यांनी उभा जन्म केलं होतं आणि आता त्यांना उकिडवं बसता येत नव्हतं. पैसे घेताना ते म्हणाले, “भाऊ, तू उभा शे म्हनीसन मी लिधा.” तू उभा आहेस म्हणून घेतले.

दर रविवारी मी एसटीने गावी जाऊ लागलो. प्रत्येकाला विचारायचो, दुखणं कसं, झोप कशी, पोटाचं काय, आणखी काही त्रास. उत्तरं एकसारखी येत. बठ्ठं बरं शे, सगळं बरं. काहीच तरास नही. शहरातल्या पेशंटांना ढीगभर तक्रारी असायच्या, आणि इथे एकालाही साधी जळजळसुद्धा नाही. डॉक्टरांना नवल वाटे. “कष्टाचं शरीर आहे,” ते म्हणत. मी त्यांना दुसरं कारण सुचवू शकलो असतो.

गुडघ्यांना गुण मात्र खरोखर येत होता. आबांनी एकदा अंगणात उकिडवं बसून दाखवलं आणि अक्का, त्यांच्या घरच्या, तोंडाला पदर लावून हसल्या. “आते नाचवा लागाव,” त्या म्हणाल्या. आता नाचायलाही लागतील.

तीन महिने संपत आले होते तेव्हाची गोष्ट. मळ्याच्या कडेला ट्रक भरत होते. आबांनी मला हाताने खूण करून बांधाच्या पलीकडे नेलं. त्यांच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, “भाऊ, परसाकडे कायं व्हई राहिनं. डांबरना मायक.”

काळं होतंय, डांबरासारखं.

याचा अर्थ मला माहीत होता. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी शिकवला होता. आतून रक्त जातं, गोळी तिथल्या तिथे थांबवायची आणि त्याच दिवशी माणसाला जळगावला आणायचं. हे त्यांनी मला दोनदा घोकून घेतलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला हेही ठाऊक होतं की एक गळला की डॉक्टर घाबरतील, सगळ्यांच्या गोळ्या थांबवतील, आणि कंपनीचा माणूस पुन्हा जिन्यात खांद्यावर हात ठेवणार नाही.

आबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना विचारायचं होतं, आणि कसं विचारावं ते सुचत नव्हतं. शेवटी म्हणाले, “थोडा दिन नही खादी तं चाली का?” थोडे दिवस नाही घेतली तर चालेल का?

मी म्हणालो, “आबा, उचल लिधी शे ना तुम्ही?”

एवढंच. आवाज चढवला नाही. अहिराणीत म्हणालो. दवाखान्यातली मराठी त्यांना ऐकवली असती तर कदाचित त्यांनी मला दवाखान्याचा नोकर समजून ते मनावर घेतलं नसतं. मी त्यांच्या जोडीदाराचा मुलगा होऊन बोललो.

चोरी करताना पकडल्यासारखी त्यांची मान खाली गेली. “लिधी शे भाऊ. मी नही कोठे म्हनस?”

पिशवीत पोटाच्या जळजळीवरच्या चघळायच्या पांढऱ्या गोळ्या होत्या. त्या मी त्यांना दिल्या, दूध प्या म्हणालो. त्यांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या. गल्लीतून निघालो तर अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, उरलेल्या गोळ्या सगळ्याच खाव्या लागतील का. हे भाकर तशीच ठेवून उठतात, यांचा रंग पाहा कसा उडालाय. मी म्हणालो, “सरन्यात आते, अक्का. थोड्याच रहिन्यात.” आणि एसटी चुकेल म्हणून घाईने निघालो. एसटीला वेळ होता. मी फाट्यावर बराच वेळ बसून राहिलो.

डॉक्टरांनी विचारलं, “सगळे ठीक?”

“ठीक, सर.”

त्याच आठवड्यात आबा भर दुपारी मळ्यात खांद्यावरच्या घडासकट पडले. ट्रॅक्टरवरून चोपडा, तिथून जीपने जळगाव. आणलं तेव्हा ओठ कागदासारखे पांढरे होते. डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. वाकून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, “आबा, शौचाला काळी कधीपासून होतेय?”

आबांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग जमेल तेवढ्या शुद्ध मराठीत म्हणाले, “आजच. सकाळधरून.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “रविवारी काही बोलले नव्हते?”

“नाही, सर.”

आबांनी डोळे मिटले. ते मला वाचवत होते, की साल वाचवत होते, हे मी नंतर पुष्कळ वर्षं मनाशी घोळवत राहिलो. जणू त्याने माझं काही कमीजास्त होणार होतं.

धुळ्याला डॉक्टरांचे वर्गमित्र पोटाचे सर्जन होते. जीपमध्ये मागे मी आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. एका हाताने सलाईनची बाटली धरली होती. पारोळ्याच्या पुढे रस्ता खोदलेला होता. प्रत्येक धक्क्याला ते ‘हं’ एवढंच म्हणत. अक्का समोर बसल्या होत्या. त्या साऱ्या वाटेत त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही, आणि मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानत होतो.

आबा वाचले. रक्त चढवलं, पोट उघडावं लागलं, पण वाचले. सगळा खर्च डॉक्टरांनी खिशातून केला. कंपनीला त्यांनी झालं ते कळवलं, म्हणजे त्यांना जे माहीत होतं ते. कंपनीचा माणूस येऊन बसला. म्हणाला, अशिक्षित माणसं, उपाशीपोटी घेतली असेल. मग मला विचारलं, “काय रे, घेतली असेल ना?”

“असेल,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी पुन्हा असला अभ्यास घेतला नाही. बाकीच्यांच्या गोळ्या तोवर संपल्याच होत्या. बाकीच्या कुणाची काही तक्रार नव्हती.

महिना-दीड महिन्याने एका सकाळी आबा पिंप्राळ्याच्या खोलीवर आले. पत्ता विचारत विचारत, काठी टेकत, एकटेच. खोलीतले दोघे कामावर गेले होते. मी दाढी करत होतो. आबा खाटेवर बसले नाहीत, खाली बसले. फडक्याची एक गाठ सोडून त्यांनी समोर ठेवली. आत उरलेल्या गोळ्या होत्या आणि त्यांच्यासोबत नोटा.

“मोडनं भाऊ मन्हाकडथीन,” ते म्हणाले. माझ्याकडून मोडलं. जेवढे दिवस गोळी पोटात गेली नाही तेवढ्या दिवसांचे पैसे त्यांनी काढून आणले होते. दवाखान्यात पडलेले दिवसही त्यांनी आपल्याच अंगाला लावले होते. “गावमा कोले सांगजो नको बरं. पैसा फिरी दिधा, आते साल मोडनं आसं नही व्हत ना?” गावात कुणाला सांगू नको. पैसे परत केले, म्हणजे आता साल मोडलं असं होत नाही ना?

एका गालाला साबण तसाच होता. मला फक्त म्हणायचं होतं, आबा, हे घेऊन जा, हे कधीच परत करायचे नव्हते. पण ते म्हटलं की पुढचं आलंच. मग आबांनी विचारलं असतं, आधी का नाही सांगितलं? बांधापाशी का नाही सांगितलं?

मी म्हणालो, “नही, मोडनं नही.” आणि नोटा घेतल्या.

आबांचा चेहरा मोकळा झाला. पाणी प्यायले आणि गेले. मी खिडकीतून पाहिलं. रस्ता ओलांडायला ते रिक्षांसाठी बराच वेळ थांबून राहिले. खाली जाऊन त्यांना स्टँडवर सोडावं हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं.

त्या पैशांचं काय केलं तेही लिहून टाकतो. कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. मी टाय घेतला. जळगावच्या उन्हात टाय लावून मुलाखतीला गेलो आणि मला नोकरी लागली.

पुढच्या अखाजीला मी गावी होतो. बहिणी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, पारावर पत्त्यांचे डाव रंगलेले. एकेक मालक आपापल्या सालदाराला हाक मारत होता. आबा धुतलेला सदरा घालून पाराच्या कडेला बसले होते. त्यांना कुणी हाक मारली नाही. त्यात दुष्टावा नव्हता. पोटावर हातभर टाके असलेल्या माणसाच्या खांद्यावर घड कोण देईल? डावात बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, “आबा, या ना, एक हात खेळा.” “नको,” ते म्हणाले, “माले आते बोलावतीन.” आता मला बोलावतील. जेवणाची वेळ झाली तशी माणसं उठली. आबाही उठले. वर्षभराने ते आणि अक्का धुळ्याला लेकीकडे राहायला गेले.

कंपनीने मलाही धुळंच दिलं. मी त्या शहरात पुष्कळ वर्षं बॅग घेऊन फिरलो. त्यांच्या लेकीची गल्ली मला माहीत होती. स्कूटर मी अलीकडच्या चौकातून वळवायचो. आणि मी काय विकत होतो? तीच गोळी. डॉक्टरांसमोर उभं राहून म्हणायचो, सर, पोटाला अगदी सौम्य आहे, आपल्याच खेड्यातल्या कष्टकरी माणसांवर पाहिलेलं आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं, की म्हणताना मला आमचं गाव दिसेनासं झालं.

गेल्या वर्षी कंपनीने पुन्हा एका औषधासाठी माणसं जमवायचं काढलं. आमचा नवा मॅनेजर, वयाने माझ्याहून पुष्कळ लहान, मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, “हे यांच्याकडे द्या. यांची माणसं सोडून जात नाहीत.” सगळे कौतुकाने हसले. मी उठून बाहेर गेलो आणि नळाखाली तोंड धरलं. त्याच संध्याकाळी त्या गल्लीत गेलो.

अक्का उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. आबा आत खाटेवर, अगदी वाळलेले. “कोन, भाऊ उना का?” म्हणून उठू लागले. मी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. आबा, तुम्हाला कधीही सोडता आलं असतं. पैसे परत मागायचेच नव्हते. डॉक्टरांनी तुम्हाला सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. बांधावर तुम्ही विचारलंत तेव्हाही नाही. पैसे घेऊन आलात तेव्हाही नाही.

आबा हसले, दात नसलेलं हसू. “सांगता तरी मी सोडतू का? पैसा लिधा, आनि काम टाकी देवो? मी काय तसा मानूस शे का?” सांगितलं असतं, तरी मी सोडलं असतं का? त्यांना थोडा रागच आला होता, माझ्या कबुलीचा नव्हे, ते सोडून गेले असते असं मी समजलो याचा.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हे लिहायला लाज वाटते, पण उतरलं. याच एका वाक्यासाठी मी आलो होतो.

“त्या नही सोडतात,” अक्का उंबऱ्यातून म्हणाल्या. शेंगांवरचा हात थांबला नव्हता. “मी सोडाडी देती. माले सांगता.” ह्यांनी नसतं सोडलं, मी सोडायला लावलं असतं. मला सांगायचं होतं. “मी दारमा उभी ऱ्हाईसन इचारं व्हतं तुले.”

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी परत केले होते तेवढे पैसे त्यात आहेत हे ऐकताच आबांनी हात मागे घेतला. अक्का उठल्या, आल्या आणि त्यांनी ते घेतलं. “हाऊ आपलाच शे,” त्या आबांना म्हणाल्या. हा पैसा आपलाच आहे. मग पुन्हा जागेवर जाऊन बसल्या, आणि तिथून बोलत राहिल्या, माझ्याकडे न पाहता. ह्यांचंच काय एकट्याचं होतं? गल्लीत कितीकांची पोटं जळत होती. कुणी जेवण टाकत होता, कुणी उठून ओकत होता. नदीवर धुणं धुताना बाया एकमेकींना सांगायच्या. बठ्ठ्या बायासले माहीत व्हतं. पण पुरुषांनी ताकीद दिलेली, रविवारी तो भाऊ आला की तोंड उघडायचं नाही, उचल घेतलेली आहे.

मी ऐकत होतो. रविवारच्या त्या एकसारख्या उत्तरांनी मी पानंच्या पानं भरली होती. त्यांच्या जोरावर पंचवीसेक वर्षं बोलत आलो होतो.

“ती गोयी आते भेटस का बजारमा?” अक्कांनी विचारलं.

“भेटते.”

“कोन इकस?” कोण विकतं?

“मी,” मी म्हणालो.

शेंगांवरचा हात थांबला. आबा म्हणाले, “चहा ठेव वं.” अक्का उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मंग जठे जठे इकी, तठे जाईसन सांग.” जिथे जिथे विकलीस तिथे जाऊन सांग.

मी हो म्हणालो. पहिल्यांदा जळगावला डॉक्टरांकडे गेलो. ते आता थकले आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मी दर वेळी तुला विचारत होतो. त्यांना विचारायला हवं होतं.” मला बस म्हणाले नव्हते, जा म्हणाले नाहीत. मीच उठलो.

नवं काम मी घेतलं नाही. ते मॅनेजरने दुसऱ्याला दिलं. धुळ्यातल्या काही दवाखान्यांत जाऊन मी सांगितलं, सर, ही गोळी पोटाला वाईट आहे, मी पाहिलंय. एकाने विचारलं, काय हो, दुसऱ्या कंपनीत चाललात का? एकाने शांतपणे लिहून घेतलं. सगळीकडे गेलो नाही. जिथे ओळख जुनी आहे, जिथे माझ्या मुलीच्या लग्नाला माणसं आली होती, तिथे गेलो नाही. नोकरी सोडलेली नाही. मला त्या औषधावरून काढा, दुसरं द्या, असा अर्ज केला, आणि तो मंजूर झाला. ती गोळी आता माझ्या बॅगेत नसते. माझ्यानंतर लागलेल्या एका पोराच्या बॅगेत असते. तो पारोळ्याकडचा आहे, बोलतो बरा.